ऑफिसची टर्की

११ नोव्हेंबर, मंगळवार

सौमित्र आज गाडी गॅरेजमध्ये लावून आतच बसून राहिला. दार बंद, दिवा बंद, आणि हा आत! मी कचरा टाकायला गेले तर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघतोय. भिंतीवर काय, तर इशिताची जुनी सायकल. काच वाजवली तर केवढ्याने दचकला. म्हणे, "रेडिओ ऐकत होतो." रेडिओ बंद होता.

जेवताना दोनदा वरण वाढलं. दोन्ही वेळा नको म्हणाला आणि दोन्ही वेळा खाल्लं. चिन्हं काही बरी दिसत नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आमची कन्या शाळेतून आली ती फणफणतच. दप्तर फेकलं आणि, "आई, व्हाय डू वी ऑलवेज गिव्ह अवे अवर टर्की?"

आता काय सांगणार! सौमित्रची कंपनी दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी प्रत्येकाला एक गोठवलेली टर्की देते, कोंबडीच्या चौपट पक्षी. कंपनीचं नाव छापलेल्या हिरव्या कापडी पिशवीत घालून, वर साहेबाच्या सहीचं कार्ड. शिकागोहून येणाऱ्या ट्रेनमध्ये त्या दिवशी अर्धा डबा मांडीवर हिरवी पिशवी घेऊन बसलेला असतो, बारशाला निघाल्यासारखा. आमच्या घरात अंडंसुद्धा माझ्या डोळ्यांदेखत फुटत नाही, त्यामुळे टर्की गाडीतून उतरते ती सरळ समोरच्या डोनाकडे जाते. डोना बदल्यात भोपळ्याचा पाय (आत गोड सारण, ओव्हनमध्ये भाजलेला) देते. पिशवी मात्र मी ठेवून घेते. मेथीला एक, कांद्या-बटाट्याला एक, लायब्ररीला एक. पटेल ब्रदर्स या देशी वाणसामानाच्या दुकानातल्या मुलीला वाटतं मी त्या कंपनीत कामाला आहे.

"एव्हरीवन हॅज अ टर्की स्टोरी. वी हॅव नथिंग," इशिता म्हणाली आणि रडायलाच लागली. अकरा वर्षांची घोडी! पण मला काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं – "बरं, या वर्षी ठेवू. मी करीन."

मी! जिने आयुष्यात सुरणापेक्षा मोठं काही चिरलं नाही!

मग वाटलं, करायचंच तर चार माणसांत करू. राजेश-नीनाला बोलावू. आम्ही या देशात उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला राजेश आला होता, सोबत आम्हा तिघांना पुरतील एवढे कोट घेऊन. तो पहिला हिवाळा आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये काढला. सौमित्रचा रेझ्युमे कंपनीत पुढे सरकवला तोही राजेशनेच. आज सौमित्र मॅनेजर आहे, राजेश अजून होता तिथेच, दुसऱ्या डिपार्टमेंटला. पण त्याबद्दल एका अक्षराने त्याने कधी दाखवलं नाही. मालवणचा माणूस, मासे-मटणातला दर्दी. मी टर्कीची वाट लावली तरी तो निस्तरील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सौमित्रला सांगितलं. चमचा हवेतच राहिला.

"राजेशला कशाला?"

"कशाला म्हणजे?"

"नाही, त्यांचं काही ठरलं असेल."

काही ठरलेलं नव्हतं. नीना तर फोनवर किंचाळलीच. "देवयानी, तू आणि टर्की? मी व्हिडिओ काढणार!"

मी हसत हसत वळले तर सौमित्र टेबलावर नाही. वरच्या बाथरूमचा नळ चालू. फोन आत घेऊन गेलेला. टॉवेल ठेवायला म्हणून वर गेले (ठेवायचा होताच), तर नळाच्या आवाजातून एवढंच ऐकू आलं – "आणखी किती?" मग बराच वेळ नुसता नळ.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काही नाही. तो झोपत नाहीये.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रस्ते निसरडे होते म्हणून सौमित्रला घ्यायला मीच स्टेशनवर गेले. आज टर्कीचा दिवस. ट्रेन थांबली. एक उंच बाई हिरवी पिशवी घेऊन उतरली, तिच्यामागे टोपीवाला म्हातारा, त्याच्याही हातात तीच. आणखी दोघं-तिघं. मग माझा नवरा. हात मोकळे!

"टर्की कुठाय?"

"अं? आमच्या मजल्याची परवा आहे."

नऊ वर्षं सगळ्या मजल्यांची एकाच दिवशी होती. या वर्षी मजले वेगळे झाले. मी वायपर लावले. घरी येऊन तो दारात बूट न काढता उभा राहिला, परक्या घरात आल्यासारखा. इशिता म्हणाली, "बाबा, शूज!" तेव्हा कुठे काढले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

टर्की आली. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"हिरव्या पिशव्या संपल्या म्हणे," सौमित्र न विचारता म्हणाला. न विचारता दिलेलं उत्तर!

गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये ठेवताना उलटी केली तर खाली लेबल. स्टेशनाजवळच्या दुकानाचं. आजची तारीख, किंमत, सगळं ठसठशीत. कार्ड नाही, सही नाही. विकत आणलीय त्याने!

मी फ्रीझरचं झाकण उघडं ठेवून उभीच राहिले. बोटं बधिर झाली तरी कळेना. मी, जी भेंडी मोडून बघितल्याशिवाय घेत नाही, दुधावरच्या तारखेवरून दुकानदाराशी भांडते, ती मी आज मुकाट वर आले आणि भाकऱ्या थापल्या. कारण विचारलं असतं तर तो खरं सांगेल अशी भीती वाटली.

ऑक्टोबरात त्यांच्याकडे दोन मॅनेजरांना गुपचूप काढलं. त्यातला एक दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे येऊन चकल्या खाऊन गेला, "काम फार आहे" म्हणाला. घरून रोज निघायचा आणि मॉलमध्ये बसायचा. बायकोला कळलं ते बँकेतून.

आमचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर साठ दिवस. त्यात दुसरी नाही मिळाली तर घर, शाळा, सायकल, सगळं इथेच टाकून निघायचं.

देवा, तसं काही नसू दे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नीनाचा फोन, मसाल्याबद्दल. मी आपलं आडून आडून विचारलं, "राजेशला दिसतो का गं आमचा माणूस ऑफिसात?"

"मी हेच विचारणार होते! राजेश म्हणतो हल्ली दिसतच नाही. जागेवर नाही, कॅफेटेरियात नाही. मेसेजला पण रिप्लाय नाही. बराय ना तो?"

"बराय," म्हटलं. "काम फार आहे."

बोलून झाल्यावर लक्षात आलं. हेच वाक्य तो चकल्यावाला म्हणाला होता!

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजही साडेसातची ट्रेन, आजही बॅग, आजही डबा. डबा संध्याकाळी चाटूनपुसून रिकामा येतो. कुठे बसून खात असेल? लायब्ररीत खाऊ देत नाहीत. या थंडीत बाकावर? माझ्या डोळ्यांसमोरून तो बाक जात नाही. राग येतो, मग रडू येतं, मग पुन्हा राग. अरे, मी काय परकी आहे?

डब्यात दोन बेसनाचे लाडू जास्त घातले. दुसरं काय करणार!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

टर्कीच्या हेल्पलाइनला फोन केला. इथे त्यासाठीही हेल्पलाइन असते! गोड आवाजाची बाई.

मी विचारलं, आधी हळद लावून ठेवली तर चालेल का. ती म्हणाली, कशासाठी? मी म्हटलं, कशासाठी म्हणजे? सगळ्याला लावतात. मग विचारलं, साल काढायची की ठेवायची. तिला साल म्हणजे काय ते समजावण्यात पाच मिनिटं गेली. शेवटी विचारलं, कुकरला लावली तर किती शिट्ट्या?

तिकडचं टायपिंग थांबलं. "शिट्ट्या, मॅम?"

मी फोनवर शिट्टी वाजवून दाखवली. इशिता सोफ्यावरून खाली पडली. ती बाईसुद्धा इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, सकाळीच एकाने विचारलं की टर्कीला आंघोळ घालताना साबण कुठला वापरू.

मग मात्र गंभीर झाली. म्हणाली, सगळ्यांची एकच चूक होते. वरचा रंग बघून लोक फसतात. आत कच्चीच असते. आत खुपसून बघितल्याशिवाय कळत नाही.

एवढा वेळ हसत होते. फोन ठेवल्यावर हसूच गेलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

टर्की फ्रीझरमधून काढायची राहिली! चार दिवस आधी काढून खालच्या फ्रिजमध्ये ठेवायची असते म्हणे. हे त्या बाईने सांगितलं नाही, कारण मी तिला शिट्ट्या ऐकवत बसले. दगडासारखी टर्की. ओट्यावर ठेवली तर ओटा वाजला.

इंटरनेट म्हणालं, गार पाण्यात बुडवा, पाणी सारखं बदला. एवढं मोठं भांडं कुठलं? मग बाथटबमध्ये टाकली. इशिता दात घासायला गेली आणि किंचाळत बाहेर. "देअर इज अ बॉडी इन द टब!"

सौमित्र धावत वर आला. पडदा बाजूला केला आणि बघतच राहिला. पाण्यात पांढरी, फुगलेली, हळूहळू फिरत होती. मला वाटलं आता हसेल. हसला नाही. भिंतीला धरून खाली बसला.

"अरे, काय होतंय? सांग ना!" मी खांदा हलवला.

"काही नाही. चक्कर आली. जेवलो नाही नीट."

जेवला नाही? मग लाडू कुणी खाल्ले? मी टबातलं पाणी बदललं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं! रॅपर काढून किचनच्या कचऱ्यात टाकलं, लेबलसकट.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज काय काय झालं! सगळं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी टर्कीला दही, आलं-लसूण, तिखट, हळद (हो, हळद!) लावून ठेवली. सौमित्रला म्हटलं ओव्हन तापत ठेव. त्याने ठेवला. बटण दाबलं आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आमच्या ओव्हनमध्ये काय असतं? जे इथल्या प्रत्येक मराठी घरातल्या ओव्हनमध्ये असतं! दोन कढया, तीन तवे, पोळपाट, आणि पोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा. ओव्हन म्हणजे आमचं कपाट. ती भांडी नऊ वर्षं तोच आत रचत आलाय, आणि आज त्यालाच आठवलं नाही!

आधी वास आला. मग काळा धूर, मग अलार्म, मग इशिताचं रडणं. मी दार उघडलं तर डब्याचा निळा रस तव्यांवरून खाली गळत होता आणि पोळपाटाने पेट घेतलेला. मी दार आपटून बंद केलं. सौमित्र खिडकीपाशी तसाच! हाक मारली तरी वळला नाही. मी गेले, त्याचा दंड धरून ओढला, तेव्हा म्हणाला, "काय जळतंय?"

मला त्याची भीती वाटली. पहिल्यांदाच.

समोरून डोनाने धूर बघून फोन केला होता. लाल बंब दारात! आगीवाल्या पोराने ओव्हनमधून चिमट्याने कढई काढली आणि विचारलं, "मॅम, हे सगळं आत कोण ठेवतं?" मी म्हटलं, "अख्खं महाराष्ट्र मंडळ!" त्याला काय कळणार. डोना अंगणात भोपळ्याचा पाय घेऊन उभी. या वर्षी तिला टर्की नाही आणि वर हा तमाशा, तरी पाय आणलाच होता.

तेवढ्यात राजेश-नीना आले. सगळं ऐकून राजेश इतका हसला की जिन्यावर बसला. मग बाह्या सरसावल्या. "वहिनी, ओव्हन गेला खड्ड्यात. मोठं पातेलं काढा. टर्कीचा रस्सा करू." नीनाच्या पर्समधून मालवणी मसाला निघाला. हिला काय आधीच खात्री होती?

राजेशने टर्की फोडायला घेतली. आत हात घातला आणि कागदाची पुरचुंडी बाहेर काढली. काळीज, मान, काय काय. मला माहीतच नव्हतं की आत पुरचुंडी असते! तशीच भाजली असती. इशिता खूश. "धिस इज द बेस्ट टर्की स्टोरी एव्हर, राजेशकाका!"

पुरचुंडी टाकायला तो कचऱ्याच्या डब्यापाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. हातात टर्कीचं रॅपर. मी म्हटलं, "किती वेळ शिजवायची ते लिहिलंय का?" तो म्हणाला, "हो, तेच बघतोय." रॅपर चुरगाळून खाली दाबलं, वर कांद्याची सालं टाकली. मग हात धुतले, फार वेळ.

रस्सा उत्तम झाला म्हणे. मी आपली भात आणि अळूची भाजी खाल्ली. राजेशने मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलाच नाही. जेवता जेवता म्हणाला, "सौमित्र, मला ओकब्रुकच्या एका कंपनीची ऑफर आलीय. छोटी आहे, पण माणसं बरी आहेत. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. इथे तेरा वर्षं झाली, सोडवत नाही यार. तू मॅनेजर माणूस, तुला आतलं कळतं. काय करू?"

सौमित्रने मान वर केली नाही. ताटातला तुकडा इकडून तिकडे ढकलत राहिला.

"तुझं तू बघ," म्हणाला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ज्या माणसाने तुला कोट आणून दिला त्याच्याशी असं बोलायचं? नीनाचा चेहरा पडला. राजेशने मात्र सौमित्रकडे अशा काही मायेने बघितलं की मलाच भरून आलं. जाताना दारात त्याने सौमित्रला मिठी मारली. तो कधी मारत नाही. पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "होतं सगळं नीट."

घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. खिडक्या उघडल्या तरी जात नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी इशिता उठायच्या आत मी त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "लेबल मी बघितलंय. टर्की तू विकत आणलीस. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, सौमित्र. कधी गेली नोकरी?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माझी नाही गेली."

मला क्षणभर इतकं हलकं वाटलं! देवापुढे साखर ठेवायला उठणार होते.

"राजेशची जाणार आहे," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी. त्याला माहीत नाही."

मग सगळं बाहेर आलं. तीन आठवडे त्यांना वरच्या मजल्यावर एका खोलीत बसवलं होतं, हा आणि आणखी दोघं. खोलीबाहेर कुणाशी बोलायचं नाही असं सही करून घेतलेलं. वेगवेगळ्या डिपार्टमेंटच्या याद्या समोर, कुणाला काढायचं ती नावं निवडायची. रोज संध्याकाळी फोन यायचा, अजून माणसं कमी करा. "आणखी किती?" ते हेच. राजेशचं नाव आलं तेव्हा दुसरे दोघं याच्याकडे बघायला लागले, कारण ओळख सगळ्यांना माहीत. "वगळलं असतं तर मित्राला वाचवला म्हणाले असते. त्याचं प्रोजेक्टही बंद होतंय." मग म्हणाला, "मीच घातलं नाव."

"आणि टर्की?"

"साहेब खाली उभे राहून वाटत होते. रांगेत राजेश होता, सगळे होते. त्याची पाठ माझ्याकडे होती. मागच्याला म्हणाला, इथे सौमित्रसाठी जागा ठेवलीय. मी जिन्याने परत वर गेलो."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मग म्हटलं, "आत्ता फोन कर. कारण सांगू नकोस. ऑफर घे एवढंच सांग."

"सोमवारच्या आधी फुटलं तर कुणी फोडलं हे लगेच कळेल. मग मीही जाईन. आपणही जाऊ." वर इशिताच्या खोलीकडे बघितलं त्याने.

म्हटलं, मग मी सांगते. नीनाचा नंबर लावला. एक रिंग झाली आणि कापला. नीनाने उलट फोन केला तर म्हटलं, चुकून लागला गं. कालच्या मसाल्याचं नाव काय?

उद्या सांगेन. सोमवारपर्यंत वेळ आहे. उद्या नक्की.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सांगायची गरज उरली नाही.

नीना सकाळीच आली, उरलेला रस्सा नेलेलं पातेलं परत द्यायला. मी तिला बसवलं, चहा टाकला. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं – ऑफर घेऊन टाका, हल्ली कुणाचं काही खरं नसतं. एवढंच. यात काय फुटतंय! चहा गाळला, तोंड उघडलं, आणि तीच म्हणाली, "राजेशने काल संध्याकाळी त्या लोकांना कळवून टाकलं. नाही म्हणून."

"काल? सोमवारपर्यंत मुदत होती ना?"

"हो ना. पण म्हणाला, एकदा ठरलं की झालं. उशीर नको."

म्हणजे काल मी फोन कापला नसता तर! अर्ध्या दिवसाचा प्रश्न होता. एक रिंग झालीही होती.

आणि तरी – इथे कोण वाचतंय, म्हणून लिहिते – मला सुटल्यासारखं वाटलं. आता सांगून काही उपयोग नाही, म्हणजे सांगायला नको! मी कप तिच्यापुढे सरकवला. नीनाने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू खूप टेन्शनमध्ये दिसतेस. काळजी करू नकोस गं, आम्ही आहोत ना." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिने का रडतेस विचारलंही नाही.

लाज वाटते. इतकी कधी वाटली नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार

सौमित्रने उद्यासाठी शर्टाला इस्त्री केली. कॉलर दोनदा. मी ओव्हन घासला. निळं प्लॅस्टिक निघत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी नावं लागली. राजेशचं आहे.

आत्ता त्याचा फोन आला. सौमित्रला नाही, मला. "वहिनी, माझी गेली आज. असू दे, ते बघू. तुम्ही आधी माझं ऐका. टर्कीवरचं दुकानाचं लेबल मी गुरुवारीच बघितलं. ऑफिसात दिसत नव्हता, तेव्हाच शंका होती. मग कळलंच, सौमित्रची नोकरी गेलीय आणि बिचाऱ्याला सांगायची चोरी झालीय. म्हणून त्याला काही बोललो नाही. ओकब्रुकला जागा एकच होती. मला तेव्हा नोकरी होती ना, म्हणून मी नाही म्हटलं आणि त्याचं नाव दिलं. आता बदलता यायचं नाही, आणि मला बदलायचंही नाही. उद्या सकाळी त्याला फोन येईल. तेवढा उचलायला सांगा."

"सांगते," म्हटलं मी.